आर्गॉनमध्येही मिथेन निघाला तेव्हा

एम.एस्सी. रसायनशास्त्राचे निकाल लागले की दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी मला गाठतात आणि कृत्रिम प्रकाशसंश्लेषणात पीएच.डी. करावी का, असे विचारतात. गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागातली नोकरी समोर दिसत असताना सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून इंधन काढण्याच्या मागे पाच-सहा वर्षे घालवावीत का, हा त्या प्रश्नाचा खरा अर्थ असतो. मी सध्या पाचव्या वर्षात आहे, प्रबंधाची दोन प्रकरणे लिहून व्हायची आहेत, आणि पहिल्या दीड वर्षातली जवळपास सगळी मोजमापे मला स्वतःच्या हाताने रद्द करावी लागलेली आहेत. त्यामुळे माझ्याकडून निखळ होकाराची अपेक्षा ठेवू नये. मात्र मी हे काम सोडलेले नाही, हेही त्याच दमात सांगून ठेवते.

आधी कटू बोलून घेते. ‘खनिज इंधनाला पर्याय’ हे शब्द प्रवेश अर्जात शोभून दिसतात. प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडला की ते बाजूला ठेवावेत. कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणारे, धुराडे नसलेले रसायन उद्योग हे चित्र इटलीच्या जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्येच रंगवले होते. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत् अग्रावर (इलेक्ट्रोडवर) प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले, ते १९७२ मध्ये. त्यालाही पन्नास वर्षे उलटून गेली. हा पदार्थ जागा होण्यासाठी सुमारे ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत तो ४ ते ५ टक्केच असतो, हे आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. काझुनारी डोमेन यांच्या गटाने जपानमध्ये १०० चौरस मीटरची पॅनेले उघड्यावर मांडून पाण्यातून हायड्रोजन काढला आणि तो ऑक्सिजनपासून वेगळाही करून दाखवला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सौर ते हायड्रोजन ही कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के होती. त्याच्याही बऱ्याच आधी, १९९८ मध्ये, अमेरिकेतील जॉन टर्नर यांनी १२.४ टक्के गाठले होते, पण ते गॅलियमयुक्त महाग अर्धवाहकांच्या बळावर, आणि ती अर्धवाहके पाण्यात झिजतात. उलट २० टक्के कार्यक्षमतेचे साधे सौर पॅनेल आणि ६५ टक्के कार्यक्षमतेचे, विजेने पाणी फोडणारे विद्युत् अपघटन यंत्र एकमेकांना जोडले, तर गुणाकार १३ टक्के येतो, आणि या दोन्ही वस्तू आज बाजारात विकत मिळतात. आपल्याला ज्याच्याशी स्पर्धा करायची आहे तो प्रतिस्पर्धी पेट्रोल नसून ही जोडी आहे. हे ज्याला पहिल्या महिन्यात कळले त्याची निराशा निम्मी वाचली.

एवढे सांगितल्यावर समोरचा चेहरा पडतो. मग मी सांगते की उसासारखी काही पिके सोडली तर झाडांनाही वर्षभराच्या हिशेबात १ ते २ टक्क्यांपलीकडे जमत नाही, आणि त्यांना तर काही अब्ज वर्षे मिळालेली आहेत.

आमच्या भागातून येणाऱ्या मुलांची एक कल्पना ठरलेली असते, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहिते. मी डिचोली तालुक्यातली. बाबा खनिजाचा ट्रक चालवत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तो ट्रक दारात उभा राहिला आणि त्याच्या हौद्यात पावसाचे लाल पाणी साचलेले मी कितीतरी दिवस पाहिले. गोव्याचे खनिज म्हणजे मुख्यतः हेमॅटाइट, आणि हेमॅटाइट हा प्रकाश शोषणारा अर्धवाहक असून त्याचा बँड गॅप (तो जागा होण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे दृश्य प्रकाशात काम करणारा आहे, हे वाचल्यावर माझ्या डोक्यात जे आले ते तुमच्याही डोक्यात येईल : गावामागच्या डंपमधली, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगातली, माती उचलावी आणि तिच्यापासून हायड्रोजन काढावा. कल्पना वेडगळ नाही, पण हेमॅटाइटमध्ये प्रकाशाने निर्माण झालेली धन पोकळी (इलेक्ट्रॉन उडाल्यावर उरलेली रिकामी जागा) २ ते ४ नॅनोमीटर एवढेच अंतर चालून विरून जाते, तर प्रकाश पुरेसा शोषला जायला त्याच्या कितीतरी पट जाडीचा थर लागतो; शिवाय त्याचा वहनपट्टा, म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी, हायड्रोजन निघण्याच्या पातळीच्या खाली असल्यामुळे बाहेरून विद्युत् दाब द्यावाच लागतो. म्हणूनच चांगली हेमॅटाइट अग्रे खाणीच्या मातीपासून नव्हे, तर शुद्ध लोहक्षारांपासून अतिपातळ थर चढवून बनवतात. माझ्या मार्गदर्शकांनी मला या वाटेवरून वळवले, तेव्हा मी आठवडाभर रुसले होते. ते बरोबर होते.

त्यांनी मला वळवले ते कार्बन डायऑक्साइडच्या क्षपणाकडे, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन इंधन बनवण्याकडे, आणि मी फसले ती तिथे. आता जे सांगणार आहे ते मी जरा लांबवूनच सांगणार आहे, कारण सांगणाऱ्याने हे दोन वाक्यांत उरकले की ऐकणारा मान डोलावतो आणि तीच चूक करतो. मीही मान डोलावलेली होती.

माझा उत्प्रेरक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर बसवलेले कॉपर ऑक्साइडचे बारीक कण. भुकटी मी टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून बनवत असे. पावसाळ्यात या बाटलीचे झाकण उघडले की हवेतल्या दमटपणाने तोंडाशी धूर उठतो आणि बुचाच्या कडेला पांढरी खपली धरते. जुलैमध्ये ती खपली चाकूने खरवडल्याशिवाय झाकण फिरतच नसे. भुकटी सुकवायची, भट्टीत ३५० अंशांवर दोन तास तापवायची, कॉपर बसवायचे आणि शेवटी इथेनॉलने स्वच्छ धुऊन ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायची, अशी माझी पद्धत होती. ‘इथेनॉलने स्वच्छ धुऊन’ हे शब्द लक्षात ठेवा. यातली ५० मिलिग्रॅम भुकटी क्वार्ट्झची खिडकी असलेल्या पात्रात पसरायची, ओलसर कार्बन डायऑक्साइड भरायचा, ३०० वॅटचा झेनॉन दिवा चार तास लावायचा, आणि मग रबरी बुचातून सुई घालून १ मिलिलीटर वायू काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचा.

यंत्राच्या आलेखावर मिथेनचे शिखर आले. दर ग्रॅमला, दर तासाला ५ मायक्रोमोल. अंधारात तोच प्रयोग केला तर शिखर नाही, भुकटीशिवाय केला तरी नाही. म्हणजे प्रकाश हवा आणि उत्प्रेरक हवा, हे सिद्ध झाले असे मी मानले. एकच नमुना पुन्हा पुन्हा वापरला की मिथेन घटत जाई. पहिल्या फेरीत जेवढा येई त्याच्या निम्माच तिसऱ्या फेरीत उरे. या घसरणीचा अर्थ उत्प्रेरक निकामी होत आहे असा लावून मी कॉपरच्या कणांच्या ऑक्सिडीकरणावर तीन परिच्छेद लिहिले, एका परिषदेत भित्तिपत्रक लावले, आणि त्याला लोकांनी बरे म्हटले.

त्या वर्षी गणेश चवथीला आम्ही सगळे मामाच्या घरी जमलो होतो. माझी मामेबहीण वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रणात आहे. राहते वास्कोला, आणि खिडकीच्या गजांवर बसणारी बंदरातल्या कोळशाची काळी पूड पुसून पुसून तिला माझ्या विषयाबद्दल खरीखुरी आस्था निर्माण झालेली आहे. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली) बसून मी तिला मोबाइलवर आलेख दाखवले. तिने ते नीट पाहिले आणि विचारले, “तुझा ब्लँक कुठे आहे?” ब्लँक म्हणजे ज्यात उत्तर कोरेच यायला हवे असा ताळ्याचा प्रयोग.

“अंधारातला केलाय, ताई, आणि भुकटीशिवायचाही केलाय.”

“ते नव्हे गं. सगळे जसेच्या तसे ठेवायचे, दिवा लावायचा, भुकटी घालायची, आणि फक्त तुझा तो वायू काढून टाकायचा. तो कुठे आहे?”

मी म्हटले की कार्बन डायऑक्साइडच नसेल तर मिथेन येणार कुठून? ताईने मोबाइल परत दिला आणि म्हणाली, “मग करायला काय हरकत आहे? आमच्याकडे सकाळी यंत्र चालू केल्यावर पहिली सुई ब्लँकची. ब्लँकमध्ये काही दिसले तर त्या दिवशी पुढचे काहीच हलत नाही, साहेब ओरडले तरी.”

विसर्जन झाल्यावर परत गेले आणि पात्रात कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन हा निष्क्रिय, कार्बन नसलेला वायू भरला. चार तासांनी मिथेनचे शिखर आले, त्याच जागी, आधीच्या चार पंचमांश उंचीचे. दुसऱ्या दिवशी नव्या भुकटीने केले, तेव्हाही आले.

आता हिशेब पाहा, आणि तो स्वतःच्या वहीत मांडून पाहा. दर ग्रॅमला दर तासाला ५ मायक्रोमोल म्हणजे ५० मिलिग्रॅमला चार तासांत १ मायक्रोमोल मिथेन. एवढेच माझे सगळे उत्पादन. भुकटीच्या वजनात १ टक्का जरी इथेनॉलचा, आयसोप्रोपॉक्साइडच्या उरलेल्या सेंद्रिय गटांचा किंवा हवेतून बसलेल्या वाफांचा कार्बन असेल, तर तो होतो अर्धा मिलिग्रॅम. कार्बनचा अणुभार १२, म्हणजे जवळपास ४२ मायक्रोमोल. मला दिसलेला सगळा मिथेन पुरवून हा साठा आणखी चाळीस वेळा पुरला असता. ३५० अंशांच्या भट्टीतून १ टक्का कार्बन उरणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की तो सेंद्रिय घाण खातो, आणि हा गुण वापरून तर आपोआप स्वच्छ होणाऱ्या काचा बनवतात; तो माझ्या भुकटीवरचे इथेनॉल खात होता आणि त्यातला थोडा भाग मिथेन म्हणून बाहेर टाकत होता. अंधारात शिखर येत नसे, कारण खायला प्रकाश लागतो. भुकटीशिवाय येत नसे, कारण घाण भुकटीवर होती. माझे दोन्ही ब्लँक प्रामाणिक होते आणि दोन्ही निरुपयोगी होते. आणि ज्या घसरणीवर मी तीन परिच्छेद लिहिले, ती उत्प्रेरकाची नव्हती. घाण संपत आली होती, इतकेच.

म्हणून आर्गॉनचा ब्लँक हा प्रयोगाचा शेवटचा उपचार नसून पहिला प्रयोग आहे. नवी भुकटी हाती आली की आधी ती इथेनॉलऐवजी शुद्ध पाण्याने धुवावी, कोरड्या हवेच्या प्रवाहात जास्त तापमानाला तापवावी, मग पात्रातच ओलसर आर्गॉनमध्ये दिव्याखाली ठेवून दर काही तासांनी वायू तपासावा, आणि मिथेन व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही दिसेनासे होईपर्यंत धीर धरावा. मला एका भुकटीसाठी असे दोन पूर्ण दिवस लागले आहेत. रबरी बूच, सांध्यांना लावलेले ग्रीस, ओ-रिंग, हे सगळे तापल्यावर कार्बन सोडतात. झेनॉन दिवा पात्र तापवतोच. शेजारच्या टेबलावर कोणी ॲसिटोनने काचसामान धूत असेल तर तुमची उघडी भुकटी ते शोषून घेते. हे शेवटचे मला प्रयोगशाळेतल्या सहायकाने दाखवले. त्यांच्याकडे पदवी नाही. कोणती बाटली कोणत्या कपाटात का ठेवायची नाही, हे त्यांना जेवढे ठाऊक आहे तेवढे आमच्यापैकी कोणालाच नाही, आणि नव्या मुलांनी मार्गदर्शकाच्या आधी त्यांच्याशी ओळख करून घ्यावी असे माझे ठाम मत आहे.

आर्गॉनचा ब्लँक कोरा आला तरी सापळा संपत नाही. अंतिम पुरावा समस्थानिकाचा : कार्बन-१३ चा, म्हणजे साध्या कार्बनपेक्षा एका एककाने जड कार्बनचा, कार्बन डायऑक्साइड वापरायचा आणि मिथेनमध्ये कार्बन-१३ आला का ते वस्तुमान वर्णपटात, म्हणजे रेणू वस्तुमानानुसार वेगळे दाखवणाऱ्या यंत्राच्या आलेखात, पाहायचे. साध्या मिथेनचे वस्तुमान १६, कार्बन-१३ च्या मिथेनचे १७. वायूचा छोटासा सिलिंडर महाग असतो, यंत्र आपल्याकडे नसेल तर नमुना घेऊन दुसऱ्या संस्थेत जावे लागते, आणि तिथे १७ वर रेघ दिसली की डोळ्यांत पाणी येते. माझ्या आले. मग यंत्र चालवणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले की नमुना ओला आहे का. पाण्याचे वस्तुमान १८, पण यंत्रात पाण्याचा रेणू फुटून १७ चा तुकडाही देतो, आणि माझा नमुना तर ओलसर वायूतूनच काढलेला होता. तसेच कार्बन मोनॉक्साइडचे २८ हे हवेतल्या नायट्रोजनचेही २८ असते, आणि कार्बन-१३ चा मूळ कार्बन डायऑक्साइड यंत्रात फुटला तर २९ चा तुकडा स्वतःच तयार करतो, म्हणजे काहीही घडलेले नसताना ‘कार्बन-१३ चा मोनॉक्साइड’ दिसतो. तेव्हा नुसत्या आकड्यावर भाळू नये. ती रेघ क्रोमॅटोग्राफच्या स्तंभातून मिथेन बाहेर पडतो त्याच मिनिटाला आली आहे का, आणि पाण्याच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या मिनिटाला तर नाही ना, हे पाहावे.

आणि ऑक्सिजन मोजावा. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून एक मिथेन बनला तर दोन ऑक्सिजन रेणू सुटलेच पाहिजेत. ते नसतील तर मिथेनला लागणारे आठ इलेक्ट्रॉन पाण्याने दिलेले नाहीत, दुसऱ्या कोणीतरी दिले आहेत, आणि तो दुसरा बहुधा आपलीच घाण असतो. ऑक्सिजन दिसला तर लगेच नायट्रोजन पाहावा, कारण नायट्रोजन आणि ऑक्सिजन साधारण ७८ ला २१ या प्रमाणात असतील तर तुम्ही पात्राच्या सांध्यातून शिरलेली हवा मोजत आहात.

या क्षेत्रातल्या पळवाटांविषयी माझी मते थोडी तिखट आहेत, आणि ती मला लपवायची नाहीत. पाण्यात मिथेनॉल किंवा ट्रायइथेनॉलअमाइन घालून हायड्रोजनचे मोठे आकडे मिळवणे हा अभ्यासाचा वैध मार्ग आहे, पण त्याला ‘पाण्याचे विघटन’ म्हणणे वैध नाही. पाण्यापेक्षा कितीतरी सहज इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ पात्रात घातल्यावर अवघड अर्धी अभिक्रिया टळलेली असते, आणि खनिज तेल वाचवायला निघून मिथेनॉल जाळणे हा व्यवहार मला पटत नाही. दर ग्रॅमचा आकडाही फसवा आहे. पडणारा प्रकाश तेवढाच ठेवून भुकटी ५० ऐवजी ५ मिलिग्रॅम घेतली की उत्पादन दहा पटीने घटत नाही, आणि आकडा मात्र फुगतो. दोन प्रयोगशाळांची तुलना करायची असेल तर ठरावीक तरंगलांबीला मिळणारी क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती कामी आले ते, मोजावे. त्यासाठी दिव्याची शक्ती आधी मोजावी लागते, आणि ती मोजायचा कंटाळा सगळ्यांना येतो. मलाही येतो.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती शोधनिबंध आहेत हे सगळे पाहतात. मी सुचवेन की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : निकाल चांगला आला तेव्हा सर किंवा बाई पहिल्यांदा काय म्हणाल्या? ‘लिहायला घे’ हे उत्तर आले तर सावध राहावे. आर्गॉनचे निकाल घेऊन मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग त्यांनी भित्तिपत्रक भिंतीवरून काढले आणि म्हणाले की हा ब्लँक मागायला हवा होता तो मी. मी त्यांच्याकडे टिकून राहिले त्याचे कारण ते वाक्य.

पैशांविषयी थोडक्यात. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये. मात्र ते दर महिन्याला येतीलच असे समजून हप्ते घेऊ नयेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, याचा उल्लेख प्रत्येक व्याख्यानात होतो, पण त्यातले १७,४९० कोटी विद्युत् अपघटन यंत्रांचे आणि हायड्रोजनचे उत्पादन वाढवण्याच्या प्रोत्साहनासाठी असून संशोधन आणि विकासासाठी ४०० कोटी आहेत. म्हणजे नोकऱ्या निघतील त्या विद्युत् अपघटनाकडे, कृत्रिम पानाकडे, म्हणजे प्रकाशातून थेट इंधन काढणाऱ्या आपल्या विषयाकडे, नव्हे. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण वायू मोजणे, गळती शोधणे, विद्युत् रासायनिक घटातल्या अग्रांचा स्वभाव ओळखणे, ही कौशल्ये दोन्हीकडे तीच आहेत. पहिल्याच वर्षी पोटेन्शिओस्टॅट (अग्रावरचा विद्युत् दाब ठरवून प्रवाह मोजणारे यंत्र) शिकून घ्यावा, विषयात लागो वा न लागो. आणि कोणी वेर्ण्याची नोकरी पत्करली तर त्याला ‘संशोधन सोडले’ असे म्हणू नये. माझ्या प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिथूनच आला आहे.

नव्या भुकटीवर माझा आताचा आकडा दर ग्रॅमला दर तासाला ०.३ मायक्रोमोल मिथेन आहे. आर्गॉनचा ब्लँक कोरा आहे, आणि १७ ची रेघ मिथेनच्याच मिनिटाला येते, नमुना सुकवून घेतल्यावरही येते. ऑक्सिजन मात्र हवा त्याच्या दोन तृतीयांशच सापडतो. उरलेला कुठे जातो, भुकटीच्या पृष्ठभागावर पेरॉक्साइड होऊन बसतो की एखाद्या सांध्यातल्या रबरात मुरतो, हे शोधण्यासाठी मी या महिन्यात रबराचे सगळे सांधे काढून धातूचे बसवले आहेत, आणि पहिला ब्लँक उद्या सकाळी लावणार आहे.